पालक उपटून माती साफ होत नाही

रुळांच्या कडेला हिरवागार पालक, बाजूच्या नाल्यात सोडलेला मोटारीचा पाइप आणि मागे कुणाचातरी चिडलेला आवाज, 'बघा, हे आपण खातो'. हा व्हिडिओ तुमच्या ग्रुपवर पण दर दोन-चार महिन्यांनी येतच असणार. कधी तो दिवा-मुंब्र्याचा म्हणून येतो, कधी सानपाडा-तुर्भ्याचा, कधी कुठला ते कळतच नाही, पण खालचं भांडण दरवेळी सेम. एक पार्टी म्हणते बुलडोझर फिरवा, दुसरी म्हणते गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका, मधेच कुणीतरी पिकवणारे कुठल्या राज्यातले यावर घसरतो, की मग ॲडमिन 'विषय बंद' टाकून मोकळा. आणि संध्याकाळी स्टेशनबाहेर लाल माठाची जुडी घेताना यातला कुणी काही विचारत नाही.

माझं सरळ म्हणणं असं की हे भांडण चुकीच्या जागी चाललंय. सगळ्यांचं लक्ष पाइपातून काय येतंय त्यावर, आणि पालेभाजीतल्या कॅडमियम-शिशासारख्या विषारी धातूंचा प्रश्न बऱ्याच अंशी मातीत काय साठलंय याचा आहे. सरसकट उपटणं हा त्यावर उपाय नाही आणि डोळेझाक हा तर नाहीच. ज्याची जमीन आहे त्याने, म्हणजे रेल्वे असो, सिडको असो, एमआयडीसी असो की महापालिका, त्याने स्वतःच्या खर्चाने वाफ्यावाफ्याची माती आणि पानं तपासावीत, निकाल तिथेच बोर्डावर लावावा आणि जिथे आकडा वाईट आहे तिथे फक्त पालेभाजी बंद करून दुसरं पीक घ्यायला लावावं. एवढं साधं काम सोडून आपण व्हिडिओवर भांडतोय.

आधी एक गोष्ट वेगळी करू, कारण तिथेच सगळा घोळ होतो. गटाराच्या पाण्यात दोन प्रकारचे धोके असतात. एक जंतूंचा, म्हणजे टायफॉइड, जुलाब, जंत वगैरे. दुसरा धातूंचा. व्हिडिओ बघून आपल्याला किळस येते ती पहिल्याची, आणि ती बरोबरच आहे, उपटा म्हणणाऱ्यांचा हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. चिलीची राजधानी सँटियागोत वर्षानुवर्षं सांडपाण्यावर भाजी पिकायची आणि टायफॉइड हटत नव्हता. १९९१ मध्ये कॉलऱ्याची साथ आली तेव्हा सरकारने कच्च्या खायच्या भाज्यांना ते पाणी देणं बंद केलं आणि टायफॉइडही झपाट्याने खाली आला. म्हणजे मैलापाणी भाजीला देऊ नका यावर वाद घालण्यासारखं काही नाहीच. पण जंतूंच्या बाबतीत तुमच्या हातात निदान काहीतरी असतं, भाजी नीट शिजवली की बहुतेक मरतात. धातूचं तसं नाही. कॅडमियम हे मूलद्रव्य आहे, ते उकळून मरत नाही, परतून उडत नाही आणि मिठाच्या पाण्यात अर्धा तास भिजवून निघत नाही. आमच्याकडे अजून लोकांना वाटतं की मीठ-हळदीच्या पाण्यात ठेवलं की सगळं विष उतरतं. किडे निघतात, थोडी माती निघते, बस. शिशाच्या बाबतीत धुण्याचा बऱ्यापैकी उपयोग होतो कारण ते मुळातून फार वर चढत नाही, जास्त करून धुळीतून आणि पावसात उडालेल्या चिखलातून पानावर बसतं. म्हणून दोन-तीन पाण्यांतून धुवाच. कॅडमियम मात्र पानाच्या आतच असतं.

ते आत कसं जातं हेही बघण्यासारखं आहे. झाडाला जस्त हवं असतं आणि कॅडमियम वागायला बरंचसं जस्तासारखं, मुळाला ओळखता येत नाही, घेते ओढून. मग ते पानात जाऊन बसतं. फळात आणि बीमध्ये त्या मानाने कमी पोचतं. म्हणून एकाच वाफ्यातला पालक आणि एकाच वाफ्यातली भेंडी सारखी धोकादायक नसते, पालक, माठ, लेट्यूस ही मंडळी यात पुढे असतात. तंबाखूचं पानही याच जातीचं, सिगरेट ओढणाऱ्याच्या शरीरात जाणाऱ्या कॅडमियमचा मोठा वाटा तंबाखूतूनच येतो. त्यात माती आंबट असेल, म्हणजे पीएच कमी असेल, तर कॅडमियम जास्त सुटं होतं आणि झाड जास्त घेतं, चुना आणि भरपूर शेणखत घातलं तर कमी घेतं. म्हणजे भाजीत किती उतरणार हे कुठली भाजी, कुठली माती, तिचा पीएच किती, त्या जागेवर आधी काय होतं, अशा सगळ्यावर ठरतं. 'लोकल भाजी विषारी' या एका वाक्यात हे बसतं का?

आता दुसऱ्या बाजूचा सगळ्यात दमदार मुद्दा घेतो. 'चाळीस वर्षं लोक ट्रॅकवरची भाजी खातायत, कोण मेलं?' हसण्यावारी नेण्यासारखा प्रश्न नाहीये हा. खरंच कुणी मरून पडलेलं नाही. आणि पालेभाजीत लोह आहे, फोलेट आहे, स्वस्तात स्वस्त पौष्टिक काय तर पाच-दहा रुपयांनी महागली तरी पालेभाजीच, तिची भीती घालून तुम्ही बाईला आणि पोरांना बटाट्यावर ढकललंत तर नुकसानच जास्त होणार. हे सगळं मान्य. पण 'कोण मेलं' हा प्रश्न विषबाधेला विचारायचा असतो, कॅडमियमला नाही. ते किडनीत साठतं आणि एकदा साठलं की त्यातलं निम्मं बाहेर पडायला १० ते ३० वर्षं लागतात. साठीत किडनी कमजोर निघाली, हाडं ठिसूळ निघाली, तर डॉक्टर शुगर विचारेल, बीपी विचारेल, तुम्ही १९९५ पासून कुठल्या वाफ्यातला माठ खाल्लात हे कोण विचारणार? शिशाचं तर अजून वाईट, लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार त्याची सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही. एखादं पोर अभ्यासात थोडं मागे राहिलं तर आपण मोबाइलला शिव्या देतो.

आकडे घेऊन बघू, साधं त्रैराशिक आहे. पालेभाजीत कॅडमियम किती चालेल याची कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची, मर्यादा आहे किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅम भाजीत २० मायक्रोग्रॅम. आणि माणसाच्या पोटात किती जावं याची युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेची मर्यादा आहे आठवड्याला वजनाच्या दर किलोमागे २.५ मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण २१ पडले. म्हणजे काठावर पास झालेली भाजी जरी रोज १०० ग्रॅम खाल्ली तरी दिवसाचा जवळजवळ सगळा कोटा तिथेच संपला, भात-चपाती अजून धरलीच नाही. १५ किलोच्या पोराचा कोटा तर पाच-साडेपाच मायक्रोग्रॅम, तो पाव वाटीत भरतो. हां, जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) यांच्या तज्ज्ञ समितीची मर्यादा याच्या दुपटीहून सैल आहे, ६० किलोला दिवसाला ५० पर्यंत, हेही सांगायला पाहिजे नाहीतर मीही त्या व्हिडिओवाल्यासारखाच. यातून दोन गोष्टी दिसतात. आठवड्यातून एकदा-दोनदा बाजारातली वेगवेगळ्या ठिकाणची भाजी खाणाऱ्या माझ्या-तुमच्यासारख्याने छाती बडवायचं कारण नाही. आणि रोज, वर्षभर, एकाच तुकड्यावरची भाजी कोण खातं? ती पिकवणाऱ्याचं कुटुंब आणि आजूबाजूच्या झोपड्या. उरलेसुरले मुळे, न विकलेल्या जुड्या त्यांच्याच पातेल्यात जातात.

म्हणून 'गरिबाच्या पोटावर पाय' वाल्यांशी माझं भांडण आहे. त्यांची कळकळ खरी आहे, रोजगाराचा मुद्दाही खरा आहे, बुलडोझर फिरला की तो माणूस उद्या काय करणार याचं उत्तर पहिल्या पार्टीकडे नसतं. पण ज्याच्या नावाने तुम्ही गप्प बसायला सांगता त्याच्याच पोरांच्या ताटात ते सगळ्यात जास्त जातंय ना? त्यात अजून एक गोष्ट. शरीरात लोह कमी असलं की आतडं कॅडमियम आणि शिसं जास्त शोषून घेतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला होता. म्हणजे लोह वाढावं म्हणून जिला पालक खा सांगतात तिच्याच अंगात त्या पालकातलं कॅडमियम जास्त जाणार.

जपानमध्ये हे घडून गेलंय, आणि तिथली हकीकत वाचली की आपलं भांडण किती मागे आहे ते कळतं. तोयामा भागात जिन्झू नदीच्या वरच्या अंगाला कामिओकाची खाण होती, तिचं कॅडमियम नदीत, नदीचं पाणी भातशेतीत. खाली गावातल्या बायका, जास्त करून चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या, खूप बाळंतपणं झालेल्या, हाडांच्या दुखण्याने विव्हळायच्या, खोकला आला तरी बरगडी मोडायची. त्या आजाराचं नावच पडलं इताई-इताई, आपल्याकडे 'आई गं' म्हणतो तसं. आधी वर्षानुवर्षं कुपोषण, जास्त काम, जंतू, काय काय सांगून झालं. हागिनो नावाच्या तिथल्याच एका डॉक्टरने खाणीकडे बोट दाखवलं तेव्हा त्याला वेड्यात काढलं. १९६८ मध्ये सरकारने मान्य केलं आणि १९७१ मध्ये गावकरी कोर्टात जिंकले. पण मला यातला सगळ्यात कामाचा भाग त्यानंतरचा वाटतो. गावकऱ्यांनी नुसती भरपाई घेतली नाही, तज्ज्ञ बरोबर घेऊन दरवर्षी खाणीत शिरून तपासणी करायचा हक्क करारात लिहून घेतला. आणि शेतं सोडून दिली नाहीत, तपासून, वाईट माती बदलून परत भात लावला, ते काम २०१२ पर्यंत चाललं. खटला जिंकल्यापासून चाळीसेक वर्षं! भात उपटा की राहू द्या यावर ते भांडत बसले असते तर?

आपल्याकडे एक अशी खाण नाही ही अडचण आहे, आपल्याकडे हजार छोटे झरे आहेत. एमआयडीसी स्थापन झाली १९६२ मध्ये. वागळे इस्टेट, मग ठाणे-बेलापूर पट्टा, पुढे तळोजा, तिकडे डोंबिवली-अंबरनाथ. प्लेटिंगवाले, रंगवाले, केमिकलवाले, बॅटरी, भंगार. वागळेतल्या कित्येक कंपन्या बंद पडून तिथे आता काचेचे टॉवर आणि आयटीवाले आहेत, कंपनी गेली पण तिच्या मागच्या अंगणात जे सांडलं ते कुठे गेलं? धातू कुजत नाही, जिथे पडला तिथे बराचसा राहतो. कासाडी नदीचं पाणी, वालधुनी नदीचं पाणी यावर कोर्टकचेऱ्या झाल्या, पेपरात रंगीत फोटो आले, पण त्या पाण्याने पन्नास वर्षं काठावर जो गाळ टाकला त्याचा फोटो येत नाही कारण गाळ काळा तो काळाच दिसतो. त्यात गाड्यांचा हिस्सा. पेट्रोलमधलं शिसं देशभर बंद झालं २००० साली, तोवर घोडबंदर काय, जुना आग्रा रोड काय, हायवेच्या कडेच्या मातीवर दिवसरात्र ते पडतच होतं आणि २००० साली कुणी ती माती उचलून नेलेली नाही. टायरची धूळ, ब्रेकची धूळ, जुन्या पुलांचा खरवडलेला रंग, हे अजून पडतंच आहे. आणि नाशिकहून एपीएमसीच्या घाऊक बाजारात आलेली भाजी म्हणजे एकदम पवित्र असं समजणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो की फॉस्फेट खतांतही कॅडमियम असतं, कमीजास्त प्रमाणात, खडक कुठला त्यावर.

मग नळाच्या पाण्यावर, गटाराचा थेंब न लागता, जुन्या कंपनीच्या प्लॉटवर उगवलेला पालक वाईट निघू शकतो. आणि घाण दिसणाऱ्या घरगुती सांडपाण्यावर, पण भराव न झालेल्या मूळ खाडीकाठच्या शेतातला पालक धातूंच्या बाबतीत ठीक निघू शकतो, टायफॉइडच्या बाबतीत नाही, ते वेगळं. डोळ्यांनी हे कळत नाही. हायवेला लागून असलेल्या सोसायट्यांमध्ये हल्ली कंपाउंडच्या कडेला 'ऑरगॅनिक किचन गार्डन' करायची टूम आलीय, शेणखत घालतात, कीटकनाशक मारत नाहीत, फोटो टाकतात, छानच आहे, पण ती माती बिल्डरने कुठून डंपरने आणून टाकली हे कमिटीत कुणाला माहीत आहे? ट्रॅकवरच्या भाजीवाल्याला नावं ठेवणाऱ्या ग्रुपमध्येच हे फोटो असतात, म्हणून म्हटलं.

बरं, हे तपासायचं कुणी? इथे खरी गंमत आहे. अन्नसुरक्षा कायदा २००६ चा, त्याच्या कलम १८ मध्ये स्पष्ट आहे की शेतकऱ्याच्या पातळीवरच्या पिकाला हा कायदा लागू नाही. म्हणजे जुडी भाजीवाल्याच्या टोपलीत आली की एफडीए, म्हणजे अन्न व औषध प्रशासन, सॅम्पल घेऊ शकतं, वाफ्यात असेपर्यंत नाही. कायदा करताना शेतकऱ्याला इन्स्पेक्टरचा जाच नको हा हेतू होता आणि तो योग्यच होता, पण टोपलीतल्या जुडीवरून वाफा शोधणार कसा? लॅबचा रिपोर्ट येईस्तोवर माठाचं पुढचं पीक कापायला आलेलं असतं, पंचवीस-तीस दिवसांचं तर ते. २०१५ पासून सरकार शेतकऱ्यांना मृदा आरोग्य पत्रिका देतं, त्यात १२ गोष्टी तपासतात, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, पीएच, क्षारता, सेंद्रिय कर्ब. कॅडमियम नाही, शिसं नाही. प्रदूषण मंडळ कंपनीचं सांडपाणी बघणार, पालिका नाला बघणार, रेल्वे रूळ बघणार. माती कुणाच्याच टेबलावर नाही. २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी म्हणून नियम काढलेत, त्यात स्थानिक प्रशासनाने संशयित जागांची यादी करायची आहे, निदान ती यादी करताना जिथे खायचं उगवतं ते तुकडे आधी घ्या असं म्हणायला तरी काही हरकत नाही.

आणि जबाबदारी जमिनीच्या मालकावर का, पिकवणाऱ्यावर का नाही, तर कारण सोपं आहे. रेल्वेने 'ग्रो मोअर फूड' नावाने रुळांलगतच्या रिकाम्या जागा आपल्या कर्मचाऱ्यांना लायसन्सवर दिल्या, अतिक्रमण होऊ नये हा त्यातला मोठा हेतू. म्हणजे त्या भाजीने रेल्वेचं राखणदारीचं काम फुकट केलं. जो ती खरंच पिकवतो तो बऱ्याचदा तिसराच माणूस, त्याच्याकडे ना कागद ना पैसे, मोटार लावायला शेजारी नाला सोडून दुसरं पाणी नाही. त्याला दंड करून काय मिळणार? ज्याने जागा दिली, फायदा घेतला, त्याने एकदा माती तपासून द्यावी. घर भाड्याने देताना छत गळतंय का ते घरमालक बघतो, तेवढंच.

वाईट निघालेल्या तुकड्यावर काय करायचं याचीही उत्तरं आहेत, अवकाशयान नाही लागत. झेंडू लावा, दसरा-दिवाळीला ठाण्यात काय भावाने जातो बघितलंय ना. शेवंती लावा. आकडा मध्यम असेल तर चुना-शेणखत घालून दुधी, भेंडी, चवळीच्या शेंगा आणि परत तपासा. फारच वाईट असेल तर तिथे खायचं काही नको, पण मग पिकवणाऱ्याला दुसरा तुकडा द्या. आणि पाणी. नवी मुंबईत मैलाशुद्धीकरणाची चांगली केंद्रं आहेत, घरगुती मैल्याचं शुद्ध केलेलं पाणी बागांना जातं, कंपन्यांना जातं, त्यातलं थोडं तपासून वाफ्यांना द्यायला कुणी अडवलंय? नाल्यातली मोटार जप्त करून काही होत नाही, चार दिवसांनी नवी येते.

यावर शेवटचा आक्षेप माहितीय मला, 'बोर्ड लावलात तर घबराट होईल, सगळ्यांचाच धंदा बसेल'. थोडा बसेल, खोटं कशाला बोला. पण आत्ता काय होतंय? एक व्हिडिओ आला की आठवडाभर सगळ्याच पालेभाजीवाल्यांचा धंदा बसतो, त्यात येऊर-शहापूरहून डोक्यावर टोपली घेऊन येणाऱ्या, टाकळा-कुर्डू विकणाऱ्या बायकाही भरडल्या जातात ज्यांचा त्या ट्रॅकशी काही संबंध नाही. हवेचा आकडा चौकाचौकात बोर्डावर लागतो, लाल झाला म्हणून ठाणं कुणी सोडून गेलेलं नाही, उलट त्यामुळे बिल्डरला हिरवं कापड तरी लावावं लागलं. भाजीचा आकडा लागला तर ज्याचा वाफा चांगला निघेल तो जुडीमागे दोन रुपये जास्त मागेल, आणि ठाण्याच्या गावदेवी मार्केटात भाव करणाऱ्या आमच्या बायका-माणसं तो रिपोर्ट बघायला मागतील, तारीख जुनी असेल तर त्यावरूनही घासाघीस करतील.